बेबी बॉयलरच्या प्रेशर स्विचची पायपिंग नव्याने बांधताना

साताऱ्यात पेढ्यासाठी खवा आटवणारी घरामागची शेड असो, सांगलीकडे हळद शिजवणारा ट्रॉलीवरचा कुकर असो नाहीतर मिरजेतली एखादी मेस, ताशी ५० ते २०० किलो वाफेचा छोटा बॉयलर आता बऱ्याच ठिकाणी दिसतो. बॉयलर सहसा चांगलाच असतो. बर्नर ठीक, फीड पंप ठीक. घोळ असतो तो बॉयलरपासून प्रेशर गेज (दाब दाखवणारी तबकडी) आणि प्रेशर स्विच (दाब ठरल्या आकड्याला पोचला की बर्नर थांबवणारा) यांच्यापर्यंत जाणाऱ्या हात-दीड हात पाइपात.

ही जोडणी बहुतेक वेळा अशी सापडते: एकच पाव इंची नळी, तिच्यावर गेज, तिच्यावरच स्विच, मध्ये दोन-तीन एल्बो, युनियन (पाइप न फिरवता सांधा सोडवता येतो ते फिटिंग) एकही नाही, आणि स्विचची केबल इतकी ताणून बांधलेली की स्विच अर्धा आटा फिरवला तरी तुटेल. सगळं चिमणीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. अशी नळी चोंदली तर ती साफ कोणी करत नाही, कारण साफ करायची म्हणजे सगळं उलट्या क्रमाने खोलत बॉयलरपर्यंत यायचं. मग लोक स्विचचा स्क्रू पिळत बसतात.

पायपिंग बदलण्यामागे हेतू दोन. नळी चोंदली तरी सगळे पहारेकरी, म्हणजे गेज आणि स्विच, एकदम आंधळे होऊ नयेत, आणि कुठलाही एक भाग बाकीच्यांना हात न लावता पंधरा मिनिटांत उतरावा. पुढची सगळी बांधणी या दोन गोष्टींसाठी आहे.

सायफन आणि त्याचं पाणी

गेजखाली वेटोळं किंवा यू आकाराची नळी असते, तो सायफन. त्यात वाफ थंड होऊन पाणी साठतं आणि वाफेचा दाब त्या पाण्यातून पुढे जातो. पाणी मध्ये असल्यामुळे गरम वाफ थेट स्विचच्या डायफ्रामला किंवा गेजमधल्या पितळी नळीला भिडत नाही. अडीच किलो (इथे दाबाचा किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो) दाबाची वाफ सुमारे १३९ अंशांची असते. आतले सांधे सोल्डरने जोडलेल्या साध्या गेजला ६० अंशांच्या पुढे सतत ताप सोसत नाही. सायफन कोरडा राहिला तर गेज आधी चुकीचं दाखवतं, नंतर मरतं. स्विचचं रबर कडक होतं आणि कट होण्याचा, म्हणजे बर्नर बंद होण्याचा, आकडा सरकत जातो.

पण तीच पाण्याची खोबण गाळही गोळा करते. पाव इंची लोखंडी नळी आतून गंजते, गंजाचे पापुद्रे तळाशी बसतात. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातल्या बोअरचं जड पाणी सॉफ्टनरशिवाय वापरलं तर बॉयलरमध्ये क्षार वाढतात, पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर गढूळ थेंब वर येतात. ते थेंब पहिल्यांदा शिरतात याच नळीत. म्हणून सायफन दर महिन्याला चोंदत असेल तर पाइपाला दोष देण्याआधी ब्लोडाउन (बॉयलरच्या तळातून गढूळ पाणी सोडणं) किती होतो ते बघा. बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३,५०० पीपीएमच्या (दर दहा लाखांत भाग) वर जाऊ देऊ नये.

कायद्याचं आधी

२५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही. डिझाइन आणि वर्किंग दोन्ही दाब १ किलोपेक्षा कमी असलेलाही येत नाही. बाकीचे येतात. १९२३च्या कायद्याच्या जागी आता २०२५चा बॉयलर अधिनियम आहे. तुमचा बॉयलर नोंदणीचा असेल तर त्याच्या माउंटिंगमध्ये (अंगावर बसवलेले व्हॉल्व्ह, गेज वगैरे) मनाने बदल करू नका. बांधणीचा कच्चा नकाशा काढून बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाला किंवा मान्यताप्राप्त दुरुस्तीवाल्याला आधी दाखवा, आणि फिटिंग सर्टिफिकेटसकट घ्या. वार्षिक तपासणीच्या आधी महिनाभर हा विषय काढला तर सगळं एका फेरीत उरकतं.

बाजारात ‘नॉन-आयबीआर’ (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सच्या बाहेरचे) म्हणून विकले जाणारे बॉयलर कायद्यातून सुटतात, धोक्यातून सुटत नाहीत. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. शेड लहान असली म्हणून हा हिशेब बदलत नाही.

दाब कुठून घ्यायचा

स्विच दोन धरू: बर्नर रोज चालू-बंद करणारा, आणि तो चुकला तर त्याच्या वरच्या दाबाला बर्नर बंद करणारा वरच्या मर्यादेचा. गेज आणि रोजचा स्विच यांना एक सॉकेट (बॉयलरच्या अंगावरचं आट्यांचं तोंड), वरच्या मर्यादेच्या स्विचला दुसरं. दोन्ही बॉयलरच्या वाफेच्या भागातले, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या बऱ्यापैकी वरचे. अंगावर एखादं प्लग मारलेलं सॉकेट बहुधा असतंच. नसेल तर वरच्या एअर व्हेंटच्या (हवा सोडायच्या कॉकच्या) सॉकेटवर टी (तीन तोंडांचं फिटिंग) लावून दुसरी लाइन काढता येते.

दोन जागा मात्र पक्क्या वर्ज्य. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांच्यामध्ये काहीही जोडायचं नाही. आणि मेन स्टीम व्हॉल्व्हच्या पुढच्या लाइनवरून स्विचचा दाब घ्यायचा नाही. हे दुसरं फार ठिकाणी केलेलं दिसतं, कारण तिथे पाइप हाताशी असतो. कढईवाला वाफ बंद करायला मेन व्हॉल्व्ह आवळतो, पुढच्या लाइनचा दाब उतरतो, स्विचला वाटतं बॉयलर थंड आहे आणि बर्नर पेटतो. आत दाब चढतच असतो.

बॉयलरच्या शेलवर नवीन भोक पाडणं किंवा ब्रॅकेट वेल्ड करणं हा या कामाचा भाग नाही.

सामान

अर्धा इंची जोडणी धरून दोन्ही लाइनींना लागणारं सामान असं: क्रॉस (चार तोंडांचं फिटिंग) २, टी ३, प्लग ५, कॅप १, धातूच्या बैठकीचे युनियन ३, तीन इंची निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा तुकडा) ३, दोन इंची निपल ३, बारा ते पंधरा इंची उभा पाइप १, अर्धा-पाव बुश (अर्ध्या इंचाचं तोंड पाव इंचावर आणणारा) २, पाव इंची पितळी हेक्स निपल २, गेजसाठी थ्री-वे कॉक (तपासणीच्या गेजसाठी तिसरं तोंड असलेला) १, काटकोनी सायफन ३ अधिक १ जादा. व्हेंटवर टी लावणार असाल तर एका प्लगऐवजी व्हेंट कॉकच वर चढतो.

पाइप काळा एमएस (साध्या पोलादाचा), सी क्लास म्हणजे लाल पट्ट्याचा घ्या. गॅल्व्हनाइज्ड नको. दुकानदार हाताला येईल तो निळ्या पट्ट्याचा बी क्लास देतो, तो परत करा. पाव इंची तुकडे तेवढे पितळेचे किंवा स्टेनलेसचे, कारण इतक्या बारीक भोकात गंजाचा एक पापुद्रा पुरतो. सायफन शक्य असेल तर स्टेनलेसचा.

आटे दुकानातच जुळवून बघा. आपल्याकडचं फिटिंग बीएसपी (ब्रिटिश आटे); काही आयात स्विच एनपीटीचे (अमेरिकी आट्यांचे) येतात. पाव इंचीला बीएसपीचे इंचात १९ आटे, एनपीटीचे १८. दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातात, मग अडकतं, आणि पाना लावून पिळलं की स्विचची पितळी मान तडकते. अर्धा इंचीला तर दोन्हींचे आटे १४च आहेत, कोन वेगळा, त्यामुळे ते पूर्ण चढतात आणि नंतर गळत राहतात.

क्रॉस महाग पडतो म्हणून त्या जागी एल्बो लावायचा मोह होतो. हा खर्च वाचवू नका. एल्बोच्या वळणातून सळई जात नाही. क्रॉसचा समोरचा प्लग काढला की सहा मिमीची सळई सरळ बॉयलरच्या सॉकेटपर्यंत जाते.

खोलण्याआधी

बॉयलर आदल्या रात्रीपासून बंद. मेन स्विच खाली, पॅनेलला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. डिझेल किंवा गॅसचा कॉक बंद. लाकडाची भट्टी असेल तर राख उपसून झालेली.

आता दाब. गेजचा काटा शून्यावर आहे एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण ज्या नळीवर आपल्याला संशय आहे तिच्यावरच ते गेज बसलेलं आहे. चोंदलेल्या नळीचं गेज बॉयलरमध्ये दीड किलो असताना शून्य दाखवू शकतं. एअर व्हेंट पूर्ण उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हची तार उचला. दोन्हीकडून काहीच आलं नाही तर दाब नाही. व्हेंट काम संपेपर्यंत उघडाच राहू द्या. बॉयलर थंड होताना आत पोकळी होते आणि प्लग काढताच गाळ आत ओढला जातो.

खोलायच्या आधी मोबाइलवर तीन फोटो काढा: वायरिंगचा, सेटिंगच्या पट्टीचा, पूर्ण जोडणीचा. स्विचमधल्या वायरींना नंबर लावा.

जुना पाइप उतरवताना दोन पाइप पाने हवेत, एक धरायला आणि एक फिरवायला. एकाच पान्याने हिसका दिला तर सॉकेटची वेल्डिंग हलते, आणि पंधरा मिनिटांचं काम निरीक्षकापर्यंत जातं. अडलेल्या सांध्याला आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्विच फिरवताना पाना त्याच्या तळाच्या षटकोनावर लावा, डबा हाताने धरून पिळू नका.

नळी निघाली की सॉकेटच्या भोकात टॉर्च मारा. कडेने पांढरा किंवा तपकिरी थर असेल, मधलं भोक पेन्सिलच्या शिशाएवढं उरलेलं असेल, तर तुमच्या सगळ्या तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. सळईने हळूच मोकळं करा, आतला कचरा बाहेरच्या बाजूला ओढा, शेवटी अर्धा इंची टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे स्वच्छ करा.

पहिली लाइन: गेज आणि रोजचा स्विच

सॉकेट शेलच्या बाजूला आडवं आहे असं धरू. त्यात तीन इंची निपल, पुढे पहिला क्रॉस. क्रॉसच्या सरळ समोरच्या तोंडाला प्लग. खालच्या तोंडाला तीन इंची निपल आणि कॅप, ही झाली गाळाची नळी. वरून पडणारे पापुद्रे हिच्यात बसतील. वरच्या तोंडातून उभा पाइप. आडवा निपल बॉयलरकडे किंचित उतरता हवा, म्हणजे पाइपात जमलेलं पाणी परत बॉयलरमध्ये जाईल.

उभा पाइप अर्धा इंचीच का, पाव इंची का नाही? बारीक नळीत पाण्याचा थेंब नळी अडवून लटकतो, खाली उतरत नाही. काटा मग थरथरतो आणि कटचा आकडा रोज वेगळा निघतो. अर्धा इंचीत पाणी भिंतीवरून खाली वाहतं आणि मधून वाफ वर जाते.

उभ्या पाइपाच्या डोक्यावर दुसरा क्रॉस. त्याच्या वरच्या तोंडाला प्लग, म्हणजे सळई वरून थेट गाळाच्या नळीपर्यंत जाईल. डावीकडे आणि उजवीकडे दोन इंची निपल, मग युनियन, मग काटकोनी सायफन. एका सायफनवर थ्री-वे कॉक आणि गेज. दुसऱ्यावर टी, टीच्या आडव्या तोंडाला प्लग, वर बुश, हेक्स निपल आणि स्विच. टीचा तो प्लग दोन कामांचा आहे: सायफनमध्ये पाणी भरायला आणि कधी शंका आली तर तिथे तपासणीचं गेज लावायला.

सॉकेट बॉयलरच्या डोक्यावर उभं असेल तर पहिला क्रॉस आणि गाळाची नळी दोन्ही वगळा. निपल, उभा पाइप आणि वरचा क्रॉस एवढं पुरतं.

स्विचच्या खाली बंद करायचा व्हॉल्व्ह लावू नका. ‘मेंटेनन्सला बरं पडेल’ म्हणून हीच गोष्ट सगळ्यात आधी सुचते आणि हीच सगळ्यात घातक. कोणीतरी तो एकदा बंद करतो आणि उघडायला विसरतो. बर्नरला थांबवणारं मग कोणी उरत नाही. स्विच बदलायचा तो बॉयलर थंड असतानाच. गेजचा कॉक चालतो, कारण गेज कुठलीही आग विझवत नाही आणि निरीक्षकालाही आपलं गेज जोडायला जागा लागते. त्या कॉकची मूठ पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, हे एकदा पक्कं करून घ्या.

सांध्यांना टेफ्लॉन टेप चालते, पण पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेपची लोंबती चिंधी सुटून स्विचच्या बारीक भोकात बसते आणि नवी जोडणी आठवड्यात चोंदते. धागा आणि सफेदा पाण्याच्या लाइनीला ठीक. वाफेवर धागा जळून तोच कचरा होतो.

गेजची उंची उभ्या माणसाच्या डोळ्याला येईल अशी, सुमारे दीड मीटर, आणि तोंड जिथे माणूस उभा राहतो तिकडे. गेज सॉकेटच्या खाली आणायची वेळ आली तर पाण्याचं वजन हिशेबात धरा: पाण्याने भरलेली एक मीटर नळी ०.१ किलो जास्त दाखवते. अडीच किलोच्या बॉयलरला ते चालून जाईल. अर्ध्या किलोवर चालणाऱ्या मेसच्या बॉयलरला तो पाचवा हिस्सा झाला.

उभा पाइप फूट-दीड फुटापेक्षा उंच झाला तर फ्रेमला क्लॅम्प मारा. ब्लोअरची थरथर महिनोन्‌महिने सांध्यांवर काम करत असते. सायफनला ग्लासवूल गुंडाळू नका. त्याला थंड राहायचं आहे.

केबल शेवटी. लवचिक कंड्युटमधून आणा आणि स्विचजवळ फूटभर सैल वेटोळं ठेवा. स्विच उतरवताना वायर सोडावी लागू नये एवढा तो सैलपणा हवा.

दुसरी लाइन: वरच्या मर्यादेचा स्विच

दुसऱ्या सॉकेटवर तीन इंची निपल, टी, टीच्या वर प्लग किंवा व्हेंट कॉक, बाजूला दोन इंची निपल, युनियन, सायफन, परत टी आणि प्लग, बुश, हेक्स निपल, स्विच. हा स्विच हाताने रीसेट करायचा असावा. तो उडाला म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, आणि बटण दाबायला माणसाला बॉयलरपर्यंत यावं लागलं पाहिजे.

दोन्ही स्विच बर्नरच्या किंवा ब्लोअरच्या कंट्रोल सर्किटमध्ये एकामागे एक जोडायचे, कुठलाही एक उघडला तरी बर्नर बंद. शेजारी-शेजारी म्हणजे पॅरलल जोडले तर दोन्ही उघडेपर्यंत काहीच थांबत नाही. ही चूक पॅनेलमध्ये बसून सापडत नाही, पुढे सांगितलेल्या चाचणीतच सापडते.

पहिली वाफ

युनियन आवळण्याआधी नाही, सगळं बसल्यावर टीच्या प्लगमधून प्रत्येक सायफनमध्ये पाणी भरा. गेजच्या बाजूला कॉकच्या तपासणीच्या तोंडातून भरता येतं. कोरड्या सायफनवर पहिली वाफ सोडली तर नवं गेज पहिल्याच दिवशी बिघडतं.

व्हेंट उघडा ठेवून पेटवा. व्हेंटमधून सलग वाफ येऊ लागली की बंद करा. अर्धा किलोला थांबा, टॉर्चने एकेक सांधा बघा. वाफेची गळती कडेला दिसत नाही, इंचभर पुढे पांढरी होते. म्हणून बोट फिरवून शोधू नका, थंड काच किंवा स्टीलचा चमचा सांध्यापुढे धरा, धुकं येतं. गळका सांधा दाब असताना आवळायचा नाही.

वीस मिनिटांनी स्विचच्या मानेजवळ हाताची पाठ न्या. कोमट लागलं तर ठीक. हात टेकवत नसेल तर सायफनच्या वर कुठेतरी गळती आहे. वर एक थेंब जरी सुटत असला तरी नळीतून वाफ सरकत राहते आणि सायफनमधलं पाणी थंड होतच नाही.

आकडे

उदाहरणाला सेफ्टी व्हॉल्व्ह ३.५ किलोचा आणि डिझेल बर्नर घेऊ. रोजचा स्विच २.५ ला कट, फरक ०.७, म्हणजे १.८ ला परत सुरू. वरच्या मर्यादेचा स्विच ३.० ला. फरक फार कमी ठेवला तर बर्नर दर मिनिटाला पेटतो-विझतो आणि इग्निशनचे इलेक्ट्रोड आधी जातात. खव्याच्या जॅकेट कढईला १.८ आणि २.५ मधला फरक जाणवतही नाही.

लाकूड, बगॅस किंवा ब्रिकेटच्या भट्टीला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे स्विच फक्त ब्लोअर थांबवतो. निखारे काही मिनिटं वाफ करतच राहतात. कट २.० च्या आसपास आणा आणि सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंत मोकळी जागा जास्त ठेवा. कट झाल्यावर काटा आणखी किती चढतो ते दोन-तीनदा बघून आकडा ठरवा.

गेजची पट्टी कामाच्या दाबाच्या साधारण दुप्पट असावी. अडीच किलोच्या कामाला ० ते ५ किंवा ० ते ६ चं गेज. ० ते १६ चं गेज हाताशी होतं म्हणून बसवलं तर अर्धा किलोचा फरक काट्याच्या जाडीत हरवतो.

स्विचवरच्या पट्टीवरचे आकडे अंदाजाचे असतात. मेन व्हॉल्व्ह बंद करून दाब चढू द्या, कट झाला त्या क्षणी गेज वाचा, लिहा. असं तीनदा. तिन्ही आकडे ०.१ च्या आत आले पाहिजेत. पांगले तर नळीत पाणी अडतंय किंवा स्विच संपलाय.

वरच्या मर्यादेचा स्विच तपासायला बॉयलर तीन किलोपर्यंत चढवायची गरज नाही. दाब दोन किलोवर असताना, बर्नर चालू असताना, त्याचं सेटिंग हळूहळू दोनच्या खाली आणा. बर्नर त्याच क्षणी बंद पडला पाहिजे आणि रीसेट दाबल्याशिवाय सुरू व्हायला नको. मग सेटिंग ३.० वर, स्क्रूवर रंगाचा ठिपका. सगळ्यात शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हची तार, दाब त्याच्या सेटिंगच्या पाऊण पट असताना, इथे २.६ च्या पुढेमागे. कमी दाबाला उचलली तर कचरा बैठकीवर बसतो आणि व्हॉल्व्ह ठिबकत राहतो.

काट्यावरून ओळखायचं ते

मेन व्हॉल्व्ह झटकन उघडल्यावर कढईत वाफ घुसते आणि बॉयलरचा दाब लगेच उतरतो. काटाही लगेच उतरला पाहिजे. तो दोन-चार सेकंद जागीच राहून मग सावकाश घसरत असेल तर नळी अर्धी चोंदली आहे. पूर्ण चोंदण्याच्या कितीतरी आधी हे लक्षण दिसतं.

कट होण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, आणि गेज मात्र शांत: दुसऱ्या क्रॉसच्या खाली, बहुधा सॉकेटमध्ये अडथळा. गेज बरोबर चढतं पण बर्नर थांबत नाही: स्विचकडचा सायफन, किंवा स्विचचा संपर्क चिकटलेला. टीवर तपासणीचं गेज लावलं की दोन मिनिटांत निकाल लागतो. थंड बॉयलरवर काटा शून्याच्या वर: गेज खाली बसवलेलं असेल तर नळीतलं पाणी, नाहीतर काटा वाकलेला, तो बोटाने मागे ढकलून चालवू नका.

ट्रॉलीवरच्या कुकरसाठी

हळदीच्या हंगामात, जानेवारीपासून मार्चपर्यंत, कुकर रोज नवीन शिवारात जातो. कच्च्या रस्त्यावर उंच उभा पाइप सगळ्यात आधी मोडतो. उभा पाइप सहा इंचांवर आणा, गेज ट्रॉलीच्या चौकटीवर घट्ट बांधा आणि बॉयलरकडून तिथपर्यंत सायफननंतरची जोडणी लवचिक स्टीलच्या नळीने करा. गाव बदलताना गेज युनियनला उतरवून पिशवीत ठेवलं तर आणखी बरं. तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावा, नाहीतर सायफनमध्ये माती जाते. यातल्या बऱ्याच कुकरना स्विच नसतोच, गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एवढंच. मग गेज म्हणजे काम करणाऱ्याचे डोळे, आणि नव्या गावातल्या पहिल्या चुलाण्याआधी सायफनमध्ये पाणी भरणं सुटता कामा नये.

पुढची देखभाल

दर तीन महिन्यांनी, जड पाण्याच्या गावात दर महिन्याला: बॉयलर थंड, व्हेंट उघडा, क्रॉसचे प्लग काढून सळई, गाळाच्या नळीची कॅप काढून वाटीभर चिखल बाहेर. वाटी आधी मांडा, तो चिखल बर्नरच्या केबलवर पडला की नवंच काम निघतं. सायफन युनियनला उतरवून एका तोंडातून नळाचं पाणी सोडा. दुसरीकडून अखंड धार आली पाहिजे. धार तुटक असेल तर तार खुपसत बसू नका, जादा सायफन लावा आणि जुना रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा सौम्य सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी धुऊन, धार बघून, तो पुढच्या वेळचा जादा सायफन. तारीख उभ्या पाइपावर खडूने नाही, रंगाने लिहा. खडू दुसऱ्या दिवशी वाफेने जातो.